हॉट हॅचला कॉइलओव्हर लावताना: निवडीपासून शेवटच्या क्लिकपर्यंत

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा संच, आणि हॉट हॅच म्हणजे ताकदवान इंजिनाची छोटी हॅचबॅक. कॉइलओव्हरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: गाडी किती खाली बसेल? खाली बसवल्यावर चाकाला वर सरकायला किती जागा उरेल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. या जागेला ट्रॅव्हल म्हणतात. स्प्रिंग किती कडक, उंची किती, प्रीलोड (स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब) किती, डॅम्पर (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नॉबच्या कितव्या क्लिकवर, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच ट्रॅव्हल कुठे आणि किती खर्च करायचा याचा हिशेब असतो. हॉट हॅचमध्ये तो आधीच बेताचा. पुढे जड इंजिन, पुढचीच चाकं गाडी ओढणार आणि वळवणारही, मागे हलका डबा. हिशेब चुकला की महागडं किट लावूनही गाडी मूळ सस्पेन्शनपेक्षा जास्त आदळते आणि वळणात हळू होते.

आधी गाडीखाली वाका

बहुतेक हॉट हॅचमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला उभा खांब) असतो. मागे दोन शक्यता: ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) किंवा मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे अनेक आर्म). एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही मागचा एक्सल वेगळा असू शकतो. सातव्या पिढीच्या गोल्फमध्ये कमी ताकदीच्या आवृत्त्यांना ट्विस्ट बीम आहे आणि जीटीआयला मल्टिलिंक. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव पाहून किट मागवू नका, खाली वाकून एक्सल डोळ्यांनी बघा.

अनेक हॅचमध्ये मागची स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळ्या जागी बसतात. मग किटमध्ये मागच्या बाजूसाठी येतं ते एक आखूड डॅम्पर, एक स्वतंत्र स्प्रिंग आणि तिची उंची बदलणारी आट्यांची बैठक. नाव कॉइलओव्हर असलं तरी मागे स्प्रिंग डॅम्परवर चढलेली नसते, आणि त्यात काही गैर नाही. उलट, तिथे स्प्रिंग डॅम्परवर चढवणारं रूपांतर करताना दहादा विचार करावा. डॅम्परचा वरचा माउंट फक्त डॅम्परचं बळ पेलण्यासाठी केलेला असतो. गाडीचं वजन त्याच्यावर टाकलं की तिथला पत्रा फाटू शकतो.

आणखी काही गोष्टी मागवण्यापूर्वीच तपासा. स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला आहे की नकलच्या खोबणीत सरकवून एका बोल्टने आवळलेला? दुसऱ्या प्रकारात स्ट्रटच्या नळीचा व्यास जुळावाच लागतो. फोक्सवॅगन गटाच्या कित्येक गाड्यांत तो ५० किंवा ५५ मिमी असतो आणि त्यानुसार किटचा क्रमांक बदलतो. एका मिलिमीटरनेही चूक झाली तरी किट बसणार नाही. गाडीत मुळातून इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असतील तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो शांत करणारं मॉड्यूल किटसोबत येतं का ते विचारा. हेडलाइटची पातळी ठरवणारा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो, तोही उंचीप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो.

काही गाड्यांत मूळ स्प्रिंगच खास असते. फोर्डने २०१८ च्या फिएस्टा एसटीमध्ये मागच्या ट्विस्ट बीमला मुद्दाम वाकडा पीळ दिलेल्या, डावी-उजवी अदलाबदल न होणाऱ्या स्प्रिंगा दिल्या. वळणात एक्सलला आडवा आधार देणं हेही त्यांचं काम. त्या काढून सरळ स्प्रिंग लावली की तो आधार जातो. किट बनवणाऱ्याने याचा विचार केलाय का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किट निवडताना

उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फक्त स्प्रिंगखालची कॉलर आट्यांवर वर-खाली फिरते. कॉलर खाली नेली की गाडी खाली येते आणि डॅम्परचा दांडा तेवढाच आत जातो, म्हणजे वर जायचा ट्रॅव्हल कमी होतो. दुसरीत डॅम्परची अख्खी नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरते. इथे प्रीलोड आणि दांड्याची जागा न हलवता उंची बदलते. खूप खाली बसवायची असेल तर ही पद्धत फायद्याची, पण आटे जास्त, माती जास्त, जाम होण्याच्या जागाही जास्त. आणि डॅम्परचा ट्रॅव्हल शाबूत राहिला तरी मडगार्ड, ड्राइव्हशाफ्ट आणि लोअर आर्म यांच्या मर्यादा तशाच राहतात, हे विसरायचं नाही.

क्लिकच्या नॉबांचा मोह आवरावा. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंडही (डॅम्पर उघडतानाचा विरोध), व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही स्वतंत्रपणे. बिल्स्टीनच्या बी१४ मध्ये फक्त उंची, तर बी१६ च्या नेहमीच्या रूपात एकाच नॉबने दोन्ही बाजू एकत्र १० टप्प्यांत बदलतात. रोज चालवायच्या गाडीला, कधीमधी ट्रॅकवर जायचं असेल तरी, एक नॉब पुष्कळ झाला. ज्याला आपण नेमकं काय बदलतोय हे लिहून ठेवायची सवय नाही, त्याच्या हाती दोन नॉब म्हणजे चार चाकांवर आठ चुका. स्वस्तातलं ३२ क्लिकचं किट १० क्लिकच्या किटपेक्षा चांगलं, असंही नसतं. कित्येकदा त्या ३२ पैकी पहिल्या आठ-दहा क्लिकमध्येच सगळा बदल होतो आणि पुढच्या नुसत्या वाजतात. जमल्यास उत्पादकाकडून डॅम्परचा डायनो आलेख (कोणत्या वेगाला किती विरोध, हे दाखवणारा) मागा. देणारे देतात.

मोनोट्यूब (एका नळीचा डॅम्पर) की ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा), यावर वाद घालण्यात फार वेळ घालवू नये. मोनोट्यूब उष्णता पटकन बाहेर टाकतो, पण त्यात गॅसचा दाब जास्त असतो आणि नळीला पोचा पडला तर दट्ट्या अडकतो. ट्विन-ट्यूबला तेवढ्याच लांबीत जास्त ट्रॅव्हल मिळू शकतो. दोन्हींत उत्तम आणि टाकाऊ माल मिळतो. त्यापेक्षा सुटे भाग मिळतात का, सील बदलून डॅम्पर पुन्हा भरून मिळतो का, हे विचारणं जास्त कामाचं. गाडीतले असे बदल कायद्याला आणि विम्याला चालतात का, हेही पैसे भरण्याआधीच पाहून घ्या.

स्प्रिंगचं गणित

स्प्रिंगवरचा आकडा चाकापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग किती दबते, हे गुणोत्तर म्हणजे मोशन रेशो. चाकावरचा कडकपणा काढायला स्प्रिंगचा आकडा या गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचा. मॅकफर्सनमध्ये ते ०.९५ च्या आसपास असतं, म्हणजे वर्ग ०.९. मागे स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसली असेल आणि गुणोत्तर ०.६५ असेल, तर वर्ग फक्त ०.४२. त्यामुळे किटमधली मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक दिसली तरी दचकू नका.

उदाहरण घेऊ. गाडी १३५० किलोची, ६२ टक्के वजन पुढे. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ४१८ किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक, नकल यांचे ४० वजा केले की स्प्रिंगवर ३७८ उरतात. मागे तसेच, पण ३५ वजा करून, २२१. पुढे ५० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग लावली तर चाकावर ४५ मिळतात. ४५,००० भागिले ३७८, त्याचं वर्गमूळ, आणि ते ६.२८ ने भागलं की १.७ हर्ट्झ ही पुढची नैसर्गिक वारंवारता. मागे ७० ची स्प्रिंग, चाकावर २९.६, वारंवारता १.८ हर्ट्झ. मागचा आकडा पुढच्यापेक्षा किंचित जास्त, हेच हवं. उंचवट्यावर आधी पुढचं टोक उडतं, मागचं जरा उशिरा, पण जलद हलून त्याला गाठतं, आणि गाडी डुलत न राहता सपाट बसते.

रस्त्यासाठी १.५ ते १.९ हर्ट्झ, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी १.९ ते २.२, त्यापुढे निव्वळ ट्रॅक, अशी ढोबळ वाटणी धरायला हरकत नाही. किलो प्रति मिमीचा आकडा दिला असेल तर ९.८१ ने गुणा. पाउंड प्रति इंचात असेल तर ५६ ने भागून किलो प्रति मिमी मिळतात.

आता याच ५० च्या स्प्रिंगचा ट्रॅव्हल तपासू. गाडी उभी असताना पुढचं चाक सुमारे ८२ मिमी वर बसतं, म्हणजे स्प्रिंग ७८ मिमी दबते. स्प्रिंगची मोकळी लांबी २०० मिमी आणि वेटोळी एकमेकांना टेकल्यावरची लांबी ८० मिमी असेल, तर दबायला एकूण १२० मिमी. त्यातले ७८ नुसतं उभं राहण्यातच गेले, उरले ४२. रस्त्यावर मोठा खड्डा लागला की बंप स्टॉप (ट्रॅव्हलच्या शेवटी धक्का झेलणारी गादी) पुरता दबण्याआधीच वेटोळ्यावर वेटोळं आपटणार, आणि तो धक्का स्ट्रटच्या माथ्यातून थेट बॉडीत जाणार. म्हणजे मऊ स्प्रिंग हवी असेल तर ती लांब हवी, आणि लांब स्प्रिंगला डॅम्परवर जागा हवी. ‘मऊ आणि खूप खाली’ हे दोन्ही एकत्र मिळत नाही ते याच कारणाने. स्प्रिंगवर ६०-२००-५० असे आकडे छापलेले असतात, म्हणजे आतला व्यास, लांबी आणि कडकपणा. टेकल्यावरची लांबी मात्र उत्पादकाच्या तक्त्यातच मिळते.

स्प्रिंग बदलली तर डॅम्परही तेवढाच कडक करावा लागतो, हा समज अर्धाच खरा. लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर डॅम्पिंग साधारण १८ टक्केच वाढवायचं असतं. म्हणून स्प्रिंगमधला एखादा टप्पा बहुतेक किट क्लिकवर सांभाळून घेतात, दोन टप्पे मात्र नाही.

काढण्याआधी मोजा

गाडी सपाट जमिनीवर, टाकी अर्धी, टायरचा दाब बरोबर. चारही चाकांवर चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि दाब मिसळतो. हे चार आकडे पुढे तीनदा लागणार आहेत. आधीची अलाइनमेंटची पावतीही जपून ठेवा.

आधीपासून झिजलेले भाग याच वेळी बदला: स्ट्रटचे टॉप माउंट आणि बेअरिंग, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश. जुन्या माउंटवर नवा कॉइलओव्हर बसवला की पहिल्याच दिवशी खडखड येते आणि बिचाऱ्या किटला शिव्या बसतात.

बसवणी

१. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड एकाच वेळी सोडा. एकच सोडला तर अँटी-रोल बार (लिंक रॉडने दोन्ही बाजूंना जोडलेला, गाडीचं कलणं रोखणारा दांडा) दुसऱ्या बाजूने ढकलत राहतो आणि बोल्टच निघत नाही.

२. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवा. नकलखाली आधार द्या. तो लोंबकळला तर होज ताणला जातो आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो.

३. मूळ स्ट्रटचा टॉप माउंट परत वापरायचा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग पूर्ण दाबल्याशिवाय वरच्या नटाला हात लावू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

४. नव्या डॅम्परवर स्प्रिंग बसवून कॉलर हाताने टेकेपर्यंत वर आणा, मग २ ते ४ मिमी आणखी. प्रीलोड एवढाच. जास्त प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, तिचा कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो. फक्त चाक खाली लोंबायचा ट्रॅव्हल कमी होतो. चाक पूर्ण लोंबल्यावर स्प्रिंग सैल पडत असेल तर हेल्पर स्प्रिंग (ती सैल जागा भरणारी छोटी मऊ स्प्रिंग) लागते.

५. दांड्याचा वरचा नट नवा घ्या आणि हातपान्याने, दांडा अ‍ॅलन कीने धरून, टॉर्क पान्यावर संपवा. इम्पॅक्ट गनने दांडा गरागरा फिरतो आणि आतलं सील पहिल्याच मिनिटाला खराब होतं. चकचकीत दांड्याला पक्कड लावणं तर नकोच. तिथे एक ओरखडा पडला की तेल गळायला सुरुवात.

६. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घ्या. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधले, दांड्याच्या नटाचे किटच्या कागदातले.

७. रबर बुश असलेला कोणताही बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. नकलखाली जॅक लावून चाकमध्य ते मडगार्ड हे अंतर ठरवलेल्या नव्या उंचीएवढं करा आणि मग आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो. तो उंची खोटी दाखवतो आणि काही महिन्यांत फाटतो.

बसवणीत एक पायरी हमखास वगळली जाते, ती म्हणजे मोकळी चाचणी. एका बाजूला स्प्रिंगशिवाय फक्त डॅम्पर आणि बंप स्टॉप बसवा, चाक लावा आणि जॅकने ते बंप स्टॉप चांगला दबेपर्यंत वर न्या. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला, प्लास्टिकच्या अस्तराला किंवा वायरिंगला लागतो का? टायर आणि स्प्रिंगच्या बैठकीत किमान ५ मिमी फट आहे का? ड्राइव्हशाफ्ट अँटी-रोल बारला टेकतो का? अर्ध्या तासाचं काम आहे. हेच उत्तर रस्त्यावर मिळतं तेव्हा टायर कापलेला असतो.

उंची: कुठे थांबायचं

मॅकफर्सनच्या गाडीचा लोअर आर्म आतून बाहेर येताना किंचित खाली उतरलेला असतो. गाडी खाली नेली की तो आडवा होतो, आणखी नेली की चाकाकडचं टोक वर जातं. आर्म असा उलटा झाला की पुढच्या बाजूचा रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात गाडीला कलंडवणारी तरफ लांब होते. गाडी खाली आली, तरी जास्त कलते. शिवाय चाक वर जाताना कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन) वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो, आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यात चाक आपणहून वळतं.

त्यामुळे बहुतेक हॉट हॅचना मूळ उंचीपेक्षा २० ते ३० मिमी खाली एवढंच मानवतं, आणि यातल्या कित्येक मुळातच सामान्य हॅचपेक्षा खाली आलेल्या असतात. मोजायची सोपी रीत: आर्मच्या आतल्या बुशचा मध्य आणि बाहेरच्या बॉल जॉइंटचा मध्य जमिनीपासून किती उंच ते पाहा. बाहेरचा वर गेला असेल तर गाडी वर घ्या, किंवा लांब बॉल जॉइंट लावून आर्म पुन्हा सरळ करा. मग टाय रॉडचा टोकाचा जॉइंटही तसाच बदलावा लागतो.

कॉलर फिरवताना मोशन रेशो पुन्हा आठवा. पुढे कॉलर १० मिमी हलली तर गाडी साधारण तेवढीच हलते. मागे ०.६५ गुणोत्तराच्या स्प्रिंगखाली १० मिमीचे १५ होतात. डाव्या-उजव्या बाजूला कॉलरखालचे आटे समान मोजणं ही फक्त सुरुवात, अंतिम मोजमाप मडगार्डचंच. प्रत्येक बदलानंतर गाडी काही मीटर पुढे-मागे लोटा, नाहीतर जॅकवरून उतरलेली चाकं आडवी अडकून राहतात आणि उंची खोटी दिसते.

ट्रॅकसाठी कोपऱ्यांचं वजन काट्यावर बघावं. चालक बसवून, लिंक रॉड सोडून. समजा डावं पुढचं ४३०, उजवं पुढचं ४५५, डावं मागचं २७५, उजवं मागचं २६५ किलो. एकूण १४२५. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ७३०, म्हणजे ५१.२ टक्के. ५० च्या जवळ आणायला डावं पुढचं आणि उजवं मागचं थोडं उचला. एखादा कोपरा उचलला की त्याचं आणि त्याच्या तिरक्या जोडीदाराचं वजन वाढतं. उरलेले दोन हलके होतात. शेवटी लिंक रॉडची लांबी अशी करा की बोल्ट हाताने आत जाईल. ढकलून घालावा लागला तर बार पिळलेला आहे.

अलाइनमेंट

उंची ठरल्यावरच अलाइनमेंट. आधी केली तर पैसे वाया. रस्त्यासाठी पुढे उणे १.५ ते उणे २ अंश कॅम्बर, ट्रॅकवर जात असाल तर उणे २.५ ते उणे ३. मूळ स्ट्रटवर एवढं मिळत नाही. दोन बोल्टच्या नकलला एक्सेंट्रिक बोल्ट चालतो, खोबणीच्या नकलला वरची कॅम्बर प्लेटच लागते. धातूच्या गोल बेअरिंगची प्लेट नेमकी असते, पण आवाज करते आणि धुळीत लवकर झिजते. रोजच्या गाडीला रबराची बरी.

कॅम्बर बदलला की टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतोच, म्हणून टो सगळ्यात शेवटी. पुढे शून्य किंवा दोन्ही चाकं मिळून १ मिमी टो-आउट. २ मिमीला गाडी वळणात चपळ शिरते, पण सरळ रस्त्यावर भिरभिरते. मागे थोडा टो-इन असू द्या. ट्विस्ट बीमला मागे जुळवणी नसते, फार तर हबमागे शिम (पातळ चकती). टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात, पण कॅम्बरने टायर हळूहळू आणि सपाट झिजतो. हजार-दोन हजार किलोमीटरात करवतीसारखी झालेली आतली कड हे टोचं काम.

डॅम्पर जुळवणं

क्लिक नेहमी पूर्ण बंद, म्हणजे कडक टोकापासून मोजायच्या. नॉब हलक्या हाताने टेकवायचा, दाबायचा नाही. आतल्या सुईचं टोक दाबाने खराब होतं. खालच्या टोकाला नॉब असेल तर दिशा उलटी वाटते, किटचा कागद वाचा.

एकच ५-६ किलोमीटरचा रस्ता ठरवा, ज्यावर लांब लाटेसारखा चढउतार, तुटके जोड आणि एक ओळखीचं वळण असेल. प्रत्येक फेरीला एकच बदल, दोन क्लिकचा. वहीत तारीख, टायरचा दाब, क्लिक, आणि काय जाणवलं ते लिहा.

रिबाउंड मऊ बाजूला ठेवून सुरुवात करा. लांब लाटेवर गाडी वर येऊन दोन-तीनदा डुलत असेल तर दोन क्लिक वाढवा. एकदा वर येऊन जागेवर बसली की थांबा. आधी पुढचं, मग मागचं. कॉम्प्रेशनचा वेगळा नॉब असेल तर तोही मऊकडून. स्टिअरिंगला पुरेसं वजन येईपर्यंतच वाढवा. तीक्ष्ण कडांचा धक्का या नॉबने फारसा बदलत नाही, कारण तिथे दट्ट्याचा वेग खूप जास्त असतो आणि नॉब बहुधा मंद वेगावर काम करतो.

‘फार कडक आहे’ ही तक्रार आली की आधी कारण शोधायचं. पहिल्याच छोट्या जोडावर टणक ठोका बसत असेल तर कॉम्प्रेशन किंवा टायरचा दाब. पहिला खड्डा ठीक, दुसरा जरा वाईट, चौथा असह्य, असं असेल तर रिबाउंड जास्त आहे. चाकाला खाली परतायला वेळच मिळत नाही, प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी खाली खेचली जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर बसते. इथे कडकपणा घालवायला रिबाउंड कमी करायचा असतो, पण बरेच जण नेमका वाढवतात. आणि फक्त मागे माणसं बसल्यावर किंवा मोठ्या खळग्यात धडक बसत असेल तर ट्रॅव्हल संपतोय.

याची खूण करायला उघड्या दांड्यावर एक बारीक केबल टाय सैलसर बांधा आणि सीलपाशी सरकवून ठेवा. फेरी मारून आल्यावर तो जिथे सरकलेला असेल, तिथपर्यंत दांडा आत गेला होता. रोजच्या रस्त्यावर तो थेट बंप स्टॉपमध्ये रुतलेला सापडला तर उंची ५ ते १० मिमी वाढवा, किंवा स्प्रिंगचा एक टप्पा चढवा. क्लिकने हे सुटत नाही. बंप स्टॉप कापून जागा करणं हा तर आजारापेक्षा वाईट उपाय, कारण मग धातूवर धातू आपटतो.

पुढची चाकं बाहेर पळतात तेव्हा

हॉट हॅचचा जुना आजार: वळणाच्या मध्यावर पुढचं टोक बाहेर सरकणं. आधी पुढचा कॅम्बर आणि टायरचा दाब बघा, मग मागची बाजू कडक करा. मागचा अँटी-रोल बार किंवा मागची स्प्रिंग एक टप्पा वर. बहुतेकांना पुढचं टोक कडक करावंसं वाटतं, त्याने आजार वाढतो.

वळणात मागचं आतलं चाक उचललं जाणं हॉट हॅचमध्ये नेहमीचं. ते घाबरण्यासारखं नाही, पण त्यातून एक मर्यादा कळते. चाक हवेत गेलं की मागच्या एक्सलवरचं सगळं वजन आधीच बाहेरच्या चाकावर गेलेलं असतं. त्यानंतर मागे आणखी कडक बार लावून स्थिर वळणात काही मिळत नाही.

वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक नुसतं फिरत असेल तर पुढचा बार किंवा पुढचा रिबाउंड जास्त आहे. चाक खाली पोचतच नाही, दोन-तीन क्लिक कमी करा. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागचं टोक झटकन फिरत असेल तर मागचा रिबाउंड आणि मागचा टो तपासा. ओल्या रस्त्यावर सगळंच थोडं मऊ करावं, पुढे-मागे सारख्या क्लिकने, म्हणजे तोल तोच राहतो.

आवाज, पाणी, आटे

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. ५०० किलोमीटरपर्यंत गाडी काही मिलिमीटर आणखी बसते. मग उंची पुन्हा मोजा, अलाइनमेंट पुन्हा तपासा, हेडलाइटची पातळी बघा. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचं कॅलिब्रेशनही.

स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा ताणलेला आवाज म्हणजे वरचं बेअरिंग फिरत नाही आणि स्प्रिंगच पिळून सुटते आहे. बहुतेक वेळा वॉशर उलट किंवा चुकीच्या क्रमाने बसलेला असतो. हळू वेगात खडखड असेल तर आधी दांड्याचा नट, मग लिंक रॉड, मग कॉलरचा लॉक. डॅम्परवर तेलाचा पुसट थर असेल तर चिंता नको, ओघळ असेल तर सील गेलं.

आटे हा कॉइलओव्हरचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सहा महिन्यांतून एकदा पाण्याने धुऊन, नायलॉनच्या ब्रशने घासून, कोरडा टेफ्लॉनचा स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यात वाळू धरते. मग कॉलर एक फेरा वर आणि एक फेरा खाली फिरवा. जाम झालीच तर आधी चाक हवेत घेऊन स्प्रिंगचा भार काढा, कॉलरच्या वरचे आणि खालचे आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, आणि सी-पान्याने आधी घट्ट दिशेला एक झटका द्या, मग उलटा. अ‍ॅल्युमिनियमच्या कॉलरवर छिन्नी-हातोडा चालवला तर तिचे दात जातात, आणि मग कॉलर कापूनच काढावी लागते.